पाठीत, पाठीवर, पाठीला : शरीरस्थानदर्शक इंग्रजी शब्दयोगी अव्यये आणि मराठी भाषक

१. प्रश्नाचे स्वरूप

माणसाला स्वतःच्या शरीराइतकी परिचित अशी दुसरी जागा नाही. त्यामुळे शरीरावर एखादी वस्तू कोठे आहे, आघात कोठे झाला, वेदना कोठे होते हे सांगणे कोणत्याही परभाषेत सोपे असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात अनुभव नेमका उलट येतो. इंग्रजीतील अवघड शब्दसंग्रहावर बऱ्यापैकी प्रभुत्व मिळवलेला मराठी भाषकही 'इन', 'ऑन', 'ॲट' यांपैकी काय योजावे याविषयी अखेरपर्यंत साशंक असतो, आणि ही साशंकता शरीराच्या संदर्भात विशेष जाणवते. प्रस्तुत लेखात या अडचणीचे मूळ शोधण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्रजीत हे शब्द नामाच्या आधी येतात, मराठीत प्रत्यय वा शब्दयोगी नामाला मागून जोडले जातात. परंतु हा भेद केवळ स्थानाचा आहे. खरा भेद अर्थविभागणीचा आहे.

पुढील वाक्ये पाहावीत. 'आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला', 'गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप दिली', 'तिने त्याच्या पाठीला तेल लावले.' मराठीत येथे 'त', 'वर' आणि 'ला' अशी तीन निरनिराळी रूपे आहेत. इंग्रजीत मात्र या तिन्ही ठिकाणी सामान्यतः 'ऑन' चालते. याउलट 'पाठीत सुरा खुपसला' आणि 'पाठीत कळ आली' या दोन वाक्यांत इंग्रजी 'इन' वापरते. म्हणजे धपाट्याच्या वाक्यातील 'पाठीत' आणि सुऱ्याच्या वाक्यातील 'पाठीत' मराठीत एकच असले, तरी इंग्रजीत ती दोन वेगळी स्थाने ठरतात. 'त' म्हणजे 'इन' आणि 'वर' म्हणजे 'ऑन' हे शालेय समीकरण येथेच मोडते.

हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाच्या पातळीवरचा नाही. मराठी आत्मकथनांत व ग्रामीण कथांत मारहाणीचे, आजाराचे, स्पर्शाचे प्रसंग पदोपदी येतात. त्यांचे इंग्रजी भाषांतर करताना 'पाठीत' या शब्दासाठी सरसकट 'इन द बॅक' योजले, तर आईचा धपाटा सुऱ्याच्या किंवा गोळीच्या जखमेच्या शेजारी जाऊन बसतो. साक्षीदाराचा जबाब मराठीत आणि वैद्यकीय दाखला इंग्रजीत, अशी स्थिती आपल्या न्यायालयांत नित्याची आहे. तेथे 'पोटावर वार' आणि 'पोटात वार' यांतील अंतर हे जखमेच्या खोलीचे अंतर असते.

२. इंग्रजीची मूळ विभागणी

इंग्रजी स्थलवाचक शब्दयोगींचा विचार करताना सर्वसाधारणपणे त्यांची भौमितिक विभागणी सांगितली जाते. 'ॲट' ही जागेला बिंदू मानते, 'ऑन' ही जागेला पृष्ठभाग किंवा रेषा मानते, तर 'इन' ही जागेला पोकळी, घनफळ वा वेढलेला प्रदेश मानते. क्वर्क, ग्रीनबाम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५ च्या बृहद्व्याकरणात ही मांडणी विस्ताराने आली आहे. पुढच्याच वर्षी, १९८६ साली, ॲनेट हर्सकोविट्स यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले की भूमिती हा केवळ आदर्श गाभा आहे. प्रत्यक्ष वापरात वस्तूचा उपयोग, तिचा आधार, तिच्यावरील नियंत्रण आणि रूढी यांचा प्रभाव पडतो.

येथे इतिहासाचीही नोंद घ्यावयास हवी. प्राचीन इंग्रजीत, विशेषतः तिच्या पश्चिमी सॅक्सन बोलीत, 'ऑन' या शब्दाचे क्षेत्र आजच्यापेक्षा पुष्कळ मोठे होते. आज जेथे 'इन' येते अशा कितीतरी ठिकाणी तेव्हा 'ऑन' येत असे. त्या जुन्या 'ऑन'चा अवशेष 'अफूट', 'अबॅक', 'अलाइव्ह' या शब्दांच्या आरंभीच्या 'अ'मध्ये आजही उरला आहे. आजची विभागणी ही ऐतिहासिक प्रक्रियेतून घडलेली आहे, हे ध्यानात घेतल्यास तिच्यात संपूर्ण तर्कशुद्धता शोधण्याचा आग्रह उरत नाही.

शिवाय ही विभागणी सार्वत्रिकही नाही. स्पॅनिशमध्ये 'एन' हा एकच शब्द 'आत' आणि 'वर' या दोहोंसाठी चालतो. डच भाषेत टेबलावरील पेल्यासाठी 'ऑप' आणि खुंटीवरील कोटासाठी 'आन' असे दोन शब्द आहेत. इंग्रजी दोन्हींना 'ऑन' म्हणते. सूनजा चोई आणि मेलिसा बोवरमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोरियन भाषेचे उदाहरण दिले आहे. कोरियनमध्ये एक वस्तू दुसरीत घट्ट बसते की सैल राहते हा भेद क्रियापदातून व्यक्त होतो. तसेच डोक्यावर, धडावर आणि पायांत घालावयाच्या वस्त्रांसाठी तेथे तीन निरनिराळी क्रियापदे आहेत. तात्पर्य, शरीर सर्वांचे एकच असले, तरी त्याचे भाषिक नकाशे भिन्न असतात. मराठीचा नकाशा इंग्रजीहून वेगळा असणे ही मराठी भाषकाची उणीव नव्हे.

३. परिधान : कोण कोणात ?

वस्त्रे व अलंकार यांच्या बाबतीत मराठीची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. बोटात अंगठी, हातात बांगड्या, पायात वहाणा, गळ्यात माळ, अंगात सदरा, नाकात नथ, कानात कुडी : येथे 'त' येतो. खांद्यावर उपरणे, डोक्यावर पदर, अंगावर शाल, डोळ्यांवर चष्मा : येथे 'वर' येतो. डोक्याला मुंडासे, कमरेला करदोटा, कपाळाला गंध, दंडाला ताईत : येथे 'ला' येतो.

या तीन गटांसोबत येणारी क्रियापदे पाहिली, म्हणजे व्यवस्थेचे तत्त्व उलगडते. पहिल्या गटाशी 'घालणे' येते, दुसऱ्याशी 'घेणे', 'टाकणे', 'ठेवणे', तर तिसऱ्याशी 'बांधणे' आणि 'लावणे'. म्हणजे अवयव वस्तूत ओवला गेला किंवा वस्तू अवयवात अडकली, तर 'त'. वस्तू अवयवाच्या आधाराने केवळ विसावली, तर 'वर'. ती गाठीने वा लेपाने जोडली गेली, तर 'ला'. सीमेवर अर्थातच सरमिसळ आहे. घड्याळ 'हातात', 'हाताला' आणि 'मनगटावर' अशा तिन्ही प्रकारांनी बोलले जाते. तरीही मूळ कल ओळखता येतो. परंपरागत व्याकरणात 'त' सप्तमीच्या प्रकरणात, 'ला' द्वितीया-चतुर्थीच्या प्रकरणात आणि 'वर' शब्दयोगी अव्ययांच्या प्रकरणात विखुरलेले असल्यामुळे ही त्रयी एकत्र पाहिली जात नाही, एवढेच.

इंग्रजी या ठिकाणी वेगळाच प्रश्न विचारते. अंगावर वस्तू धारण केलेली असणे म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाने तिला आधार देणे, असे इंग्रजी मानते. म्हणून बोटातील अंगठी, पायातील वहाणा, डोक्यावरील टोपी या सर्वांना 'ऑन'. वास्तविक पाय वहाणेच्या आत असतो, वहाण पायाच्या आत नसते; त्या दृष्टीने इंग्रजीला 'शूज इन हिज फीट' हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. दिशा उलट केली, की इंग्रजीतही 'इन' अवतरते : 'अ वुमन इन अ ग्रीन सारी', 'अ मॅन इन बूट्स'. मराठीतही 'हिरव्या साडीतली बाई' आहेच. फरक इतकाच की, शरीर वस्त्रात आणि वस्त्र शरीरात, या दोन्ही दिशांना मराठी एकच 'त' पुरवते. इंग्रजी दिशेनुसार शब्द बदलते.

याला दोन उपनियम जोडावे लागतात. पहिला असा की, जेथे अवयव टोचलेला असतो तेथे इंग्रजी 'इन' स्वीकारते. म्हणून कानातील कुडी 'इन हर इअर्स' आणि बोटातील अंगठी 'ऑन हर फिंगर'. केसांतील फुलांनाही 'इन' लागते, कारण केस हा पृष्ठभाग नसून वस्तूला सामावून घेणारा पुंजका मानला जातो. दुसरा असा की, मान, कंबर, मनगट यांसारख्या दंडगोलाकार अवयवांना वस्तूने वेढले असेल आणि तो वेढा दाखवावयाचा असेल, तर 'अराउंड' येते. गळ्यातील हार वा मंगळसूत्र 'अराउंड हर नेक' असते. 'ऑन हर नेक' हे शब्द तीळ, व्रण किंवा कोणाचा हात यांसाठी अधिक स्वाभाविक होत. खांद्यावरून लोंबणारी झोळी अथवा खांदे झाकणारी शाल यांसाठी 'ओव्हर' योग्य ठरते.

४. आघात : टणक आणि मऊ

आघाताच्या वर्णनात इंग्रजीची व्यवस्था आणखी सूक्ष्म होते. शस्त्र किंवा गोळी शरीरात शिरली असेल, तर अवयव कोणताही असो, 'इन' येते : 'शॉट इन द लेग', 'स्टॅब्ड इन द बॅक'. येथे शंकेला जागा नाही. आघात शरीरात शिरत नाही, तेव्हा मात्र अवयवाच्या स्वभावाकडे पाहावे लागते. डोके, खांदा, गुडघा, हनुवटी, बोटांची पेरे हे हाडाचे, प्रतिकार करणारे भाग. त्यांवर बसलेल्या फटक्यासाठी 'ऑन' येते. पोट, बरगड्यांचा भाग, डोळा, तोंड हे मऊ, पोकळ वा आत दबणारे भाग. तेथे 'इन' येते. 'अ पंच इन द स्टमक', 'अ किक इन द रिब्ज', पण 'अ टॅप ऑन द शोल्डर' आणि 'अ रॅप ऑन द नकल्स'.

हा नियम कल म्हणून घ्यावा, कायदा म्हणून नव्हे. नाकावरील ठोशासाठी ब्रिटिश इंग्रजीत 'ऑन द नोज' आणि अमेरिकन इंग्रजीत 'इन द नोज' अधिक ऐकू येते. चेहरा हे तर स्वतंत्र प्रकरणच आहे. गालावर मारलेली चापट 'ऑन द चीक', चेहऱ्यावर आडवी बसलेली थप्पड 'अक्रॉस द फेस', आणि 'अ स्लॅप इन द फेस' हा शब्दप्रयोग बहुतेक वेळा प्रत्यक्ष थप्पडीपेक्षा अपमानाचा वाचक असतो. भाषांतरकाराने येथे 'इन' योजले, तर थप्पड वाचकाला लाक्षणिक वाटण्याचा संभव आहे.

मराठीत आघाताच्या वर्णनातील 'त' आणि 'वर' यांचे कार्य वेगळे आहे. 'पाठीवर थाप' कौतुकाची असते, 'पाठीत धपाटा' शिक्षेचा असतो. 'गालावर टिचकी' लाडाची, तर 'थोबाडीत', 'मुस्काटात', 'टाळक्यात' या रूपांबरोबर रागच येतो. मराठीतील 'त' येथे शिरकाव सांगत नाही. तो आघाताचा जोर आणि मारणाऱ्याचा भाव सांगतो. 'वर' स्पर्शाला पृष्ठभागावरच थांबवतो, 'त' त्याला आतपर्यंत पोहोचवतो. शरीराच्या नव्हे, अनुभवाच्या आत.

इंग्रजीत हा भाव शब्दयोगीवर लादता येत नाही. तेथे तो नाम व क्रियापदांनी उचलावा लागतो : 'पॅट', 'टॅप', 'स्लॅप', 'थंप', 'व्हॅक'. म्हणून 'पाठीत धपाटा घातला' याचे भाषांतर करताना शब्दयोगी 'ऑन'च ठेवावे आणि जोर 'थंप'सारख्या शब्दाकडे सोपवावा. उलट दिशेने, इंग्रजी कथेतील 'पॅट ऑन द बॅक' आणि 'थंप ऑन द बॅक' मराठीत आणताना 'वर' आणि 'त' यांचे सामर्थ्य वापरावयास हवे. दोन्ही ठिकाणी यांत्रिकपणे 'पाठीवर' लिहिणारा भाषांतरकार मराठीजवळ असलेले साधनच टाकून देतो.

५. वेदना, व्रण आणि गाठ

वेदनेच्या बाबतीत दोन्ही भाषा पुष्कळशा जवळ येतात. 'पोटात दुखते', 'छातीत कळ येते', 'गुडघ्यात दुखते' यांना इंग्रजीत 'पेन इन' असे समांतर रूप आहे, कारण वेदना आत जाणवते. त्वचेवर दिसणाऱ्या गोष्टींना दोन्हीकडे पृष्ठभागाचा शब्द येतो : अंगावर पुरळ, पाठीवर भाजल्याचा डाग, गालावर तीळ या सर्वांना 'ऑन'. बोटात काटा रुतला असेल तर 'इन द फिंगर', बोट कापले असेल तर 'अ कट ऑन द फिंगर'.

अडचण उद्भवते ती मराठीच्या 'ला'मुळे. 'डोक्याला लागले', 'हाताला खरचटले', 'पायाला कुत्रा चावला', 'मानेला गाठ आली' : येथे 'ला' केवळ बाधित अवयव सांगतो. बाधा पृष्ठभागावर आहे की आत, याविषयी तो मौन पाळतो. मराठीत हे मौन चालते. ऐकणारा प्रसंगावरून समजून घेतो. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. 'अ लंप ऑन द नेक' म्हणजे बाहेर दिसणारा उंचवटा, तर 'अ लंप इन द नेक' म्हणजे आत हाताला लागणारी गाठ. डोक्याला आलेले टेंगूळ 'ऑन द हेड' असते. स्तनातील गाठ 'इन द ब्रेस्ट' असते. रुग्णाचे मराठी बोलणे इंग्रजीत टिपून घेणाऱ्याने येथे अंदाजाने शब्द निवडू नये. गाठ वर आहे की आत, हे विचारून घ्यावे. मराठी वाक्यात नसलेली माहिती इंग्रजी शब्दयोगी मागत असते, आणि ती माहिती व्याकरणातून नव्हे, तर वस्तुस्थितीतूनच मिळू शकते.

६. धरणे आणि अवयवाचा धनी

एखाद्याला पकडताना ज्या अवयवाला धरले तो अवयव इंग्रजीत 'बाय' घेतो : 'ही टुक हर बाय द हँड', 'ही सीझ्ड हिम बाय द कॉलर'. मराठीत येथे 'ला' येतो : 'दंडाला धरून नेले', 'मानगुटीला धरले'. जोडून धरण्याचा जो अर्थ आपण परिधानात पाहिला, तोच येथेही आहे.

या वाक्यांत आणखी एक बाब लक्षणीय आहे. इंग्रजीत अवयवापूर्वी 'हिज', 'हर' अशी मालकीदर्शक सर्वनामे न येता 'द' येते, कारण मालक आधीच कर्माच्या स्थानी आलेला असतो. 'शी टुक हिज हँड' या वाक्यात हात केंद्रस्थानी आहे. 'शी टुक हिम बाय द हँड' या वाक्यात माणूस. चार्ल्स फिल्मोर यांनी १९७० साली मारणे व मोडणे या क्रियापदांच्या व्याकरणाचा विचार करताना हा भेद पुढे आणला, आणि बेथ लेव्हिन यांच्या १९९३ च्या क्रियापदवर्गांच्या ग्रंथातही त्याला स्थान मिळाले. 'हिट', 'टच' यांसारखी क्रियापदे माणसाला कर्म करून अवयव वेगळा सांगू देतात. 'ब्रेक' तसे करू देत नाही.

मराठीत हाच भेद डोळ्यांसमोर आहे. 'त्याच्या पाठीत मारले' आणि 'त्याला पाठीत मारले' ही दोन्ही वाक्ये चालतात. दुसऱ्यात मार माणसाला बसतो. परंतु 'त्याचा हात मोडला' असे म्हणता येते, 'त्याला हातात मोडले' असे म्हणता येत नाही. इंग्रजी वर्गात हा मुद्दा शिकवताना मराठीचा आधार घेतला, तर विद्यार्थ्याला परका नियम पाठ करावा लागत नाही. आपल्याच भाषेत वसत असलेला नियम तो ओळखतो.

७. शरीर हाच आधार, शरीर हाच बिंदू

उरलेले दोन प्रयोग संक्षेपाने पाहू. शरीराचा जो भाग खाली टेकलेला आहे, त्याला इंग्रजी 'ऑन' देते : 'ऑन हर नीज', 'ऑन हिज बॅक', 'ऑन हिज स्टमक'. मराठीत यांसाठी समर्थ शब्द आहेत : उताणा, पालथा, तोंडघशी. अलीकडच्या भाषांतरांत 'तो त्याच्या पाठीवर झोपला होता' अशी वाक्ये आढळतात. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी 'तो उताणा झोपला होता' यातील स्वाभाविकता त्यात नाही. कोणाच्या पाठीवर, असाही प्रश्न त्यातून उद्भवतो.

'ॲट' हे शरीराला रेषा मानून त्यावरील एक बिंदू दाखवते. कमरेत वाकणे 'बेंड ॲट द वेस्ट', कानशिलांजवळ पिकलेले केस 'ग्रे ॲट द टेंपल्स', गळ्याशी उघडा सदरा 'ओपन ॲट द नेक'. पायाशी बसणे 'ॲट हिज फीट'. मराठीतील 'शी' आणि 'जवळ' यांच्याशी 'ॲट'चे नाते 'त'पेक्षा निकटचे आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, इंग्रजी शब्दयोगी निवडताना मराठी रूपाकडे पाहण्याऐवजी प्रसंगाकडे पाहणे श्रेयस्कर. विद्यार्थ्याने क्रमाने काही प्रश्न स्वतःस विचारावेत. वस्तू अथवा वेदना कातडीच्या आत आहे काय ? असल्यास 'इन'. ती अवयवाला वेढते काय, आणि तो वेढा दाखवावयाचा आहे काय ? असल्यास 'अराउंड'. ती झाकते वा लोंबते काय ? असल्यास 'ओव्हर'. अवयव पकडीचे साधन झाला आहे काय ? असल्यास 'बाय'. अवयव हा केवळ रेषेवरचा बिंदू आहे काय ? असल्यास 'ॲट'. आघात असल्यास भाग टणक की मऊ, हे पाहावे. यांपैकी काहीच लागू नसेल, तर 'ऑन' बहुधा चुकत नाही.

मात्र या अभ्यासाचे फलित इंग्रजीपुरते मर्यादित मानू नये. इंग्रजीशी तुलना करताना आपल्याच भाषेतील 'त', 'वर', 'ला' या त्रयीचे रूप स्पष्ट होते, आणि तिची व्याप्ती वाक्प्रचारांपर्यंत पोहोचते. 'अंगात येणे', 'अंगावर येणे' आणि 'अंगाला लागणे' हे तीन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. देवी अंगात येते, संकट अंगावर येते, खाल्लेले अन्न अंगाला लागते. पहिल्यात शरीर हे पात्र आहे, दुसऱ्यात ते आघात झेलणारा पृष्ठभाग आहे, तिसऱ्यात ते काहीतरी जोडून घेणारे आहे. अंगठी, शाल आणि ताईत यांच्या बाबतीत जी व्यवस्था दिसली, तीच येथे दिसते. मराठीच्या विभक्तिविचारात या व्यवस्थेचा स्वतंत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे. बोलीभाषांतील, विशेषतः कोकणातील व विदर्भातील, शरीरविषयक प्रयोग गोळा करून तो पदव्युत्तर पातळीवर सहज हाती घेता येण्यासारखा आहे.